गंजलेला एक्सल, जाम नट, गोल झालेला बोल्ट: मोटरसायकलचं चाक घरी काढणाऱ्यांसाठी

व्हिडिओमध्ये मागचं चाक दहा मिनिटांत निघतं, कारण त्या गाडीचा नट गेल्याच महिन्यात कुणीतरी उघडलेला असतो. देवगड, मालवण, हर्णैसारख्या ठिकाणी चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीचं तसं नसतं. हवेतच मीठ, त्यात जून ते सप्टेंबर पाणी. मासळीचे क्रेट मागे बांधून फिरणाऱ्या गाड्यांचे हाल तर विचारू नका. बर्फाचं खारट पाणी ठिबकत थेट मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्यावर येतं. घाटावरच्या गाडीला मिठाचा त्रास नाही, पण तिथे वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सीलवर मारून आत ओल पोचवतोच.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, हे आधी लक्षात घ्या. एक्सल आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये फट जवळपास नसतेच. तिथे गंज धरला की तो दोन्ही बाजूंनी दाबून बसतो. अशा ठिकाणी नुसता जोर लावला तर गंज सुटायच्या आधी नटाचे कोपरे जातात, आटे जातात किंवा बोल्टची मुंडी हातात येते. म्हणून माझा भर ताकदीवर नाही, नेमकं कुठे अडकलंय ते शोधण्यावर आहे. क्रम असा ठेवायचा: सफाई, तेल, वेळ, धक्का, उष्णता, आणि काहीच चाललं नाही तर कापाकापी. घाईत लोक थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात.

पुढचं सगळं १०० ते १५० सीसीच्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या रोजच्या वापरातल्या गाडीला धरून लिहिलंय. डिस्कवाल्यांसाठी वेगळी पायरी आहे.

आधी काय जमवायचं

- एक्सलच्या नटाच्या मापाची सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि त्याच मापाचा रिंग पाना. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटावर वापरू नका, ती कोपऱ्यांवर धरते आणि कोपरेच खाते.
- लांब दांडा, निदान ४०-४५ सेंटीमीटरचा. रॅचेटने जाम नट सोडवायचा नसतो, आतले दाते तुटतात.
- तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, फडकी.
- गंज सोडवणारं तेल.
- साधारण एक किलोची हातोडी, लाकडी ठोकळा, आणि एक्सलपेक्षा किंचित बारीक पितळी किंवा मऊ लोखंडाची सळई.
- हातोडीने ठोकून चालवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. महाग नसतो, आणि डिस्कचे बोल्ट काढायचे असतील तर हा हवाच.
- चाकाखाली सरकवायला दोन-तीन जाडीच्या फळ्या.
- ग्रीस, नवी स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती दुमडायची पिन), आणि नट आतून नायलॉनची रिंग असलेला असेल तर नवा नट.
- गाडीचं मॅन्युअल. कुठला नट किती न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) आवळायचा ते त्यात असतं, आणि ते आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात.
- चष्मा. गंजाचे कण डोळ्यात गेले की त्या दिवसाचं काम तिथेच संपतं.

१. आदल्या संध्याकाळी: ब्रश आणि तेल

तेल मारण्याआधी घासा. चेनचं जुनं ग्रीस आणि माती मिळून झालेल्या मळीवर तेल मारलं तर ती मळीच तेल पिऊन बसते, आट्यापर्यंत काही पोचत नाही. नटाच्या बाहेर डोकावणारे एक्सलचे आटे तारेच्या ब्रशने अगदी चमकेपर्यंत घासा. नट सुटताना ह्याच आट्यांवरून बाहेर येणार आहे. तिथे गंजाची खपली राहिली तर अर्ध्यावर येऊन पुन्हा जाम होतो. स्प्लिट पिन असेल तर ती आत्ताच काढा. पिन आत ठेवून पान्याशी झटापट करणारे मी बरेच पाहिलेत.

आता तेल. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं आणि कामही करतं, पण १९५३ मध्ये सॅन डिएगोला ते बनलं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. गंजात मुरण्यासाठीच बनवलेली तेलं वेगळी येतात, हार्डवेअरच्या दुकानात 'रस्ट पेनिट्रेटिंग' म्हणून मागा. एसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून बनवलेलं मिश्रण चांगलं मुरतं, पण ते भडकन पेट घेतं, आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा साधं डिझेल वापरतात. तेही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो.

तेल नटाच्या दोन्ही बाजूंनी द्या: आट्यांवर, आणि नट व वॉशरच्या फटीत. एक्सलच्या दोन्ही टोकांना, तो स्विंगआर्ममध्ये म्हणजे चिमट्यात शिरतो तिथे, ब्रेक प्लेटच्या, म्हणजे ड्रम झाकणाऱ्या ताटलीच्या बाहेरच्या तोंडाशी, आणि चेनचा ताण ठरवणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या छोट्या नटांनाही. दिल्यावर नटाच्या सपाट बाजूंवर हातोडीने हलके ठोके मारा. त्या कंपनांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत ओढलं जातं. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा.

एक इशारा: ड्रमच्या आत किंवा डिस्कवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. ब्रेक लायनर तेल प्यायला की तो बदलावाच लागतो, पुसून काही होत नाही. स्प्रे असेल तर बारीक नळी लावून मारा, आणि डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा.

२. चाक जमिनीवर असतानाच पहिला प्रयत्न

मेन स्टँडवर चढवलेल्या गाडीचा जाम नट सोडवायला गेलात तर गाडी स्टँडवरून उतरते किंवा कलते. म्हणून गाडी दोन्ही चाकांवर ठेवा, पहिला गिअर टाका, दुसऱ्या कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. एक्सलची मुंडी दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर नटासोबत एक्सलही फिरत राहील.

नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट सुटतो, पण हे नटाकडे तोंड करून बघाल तेव्हा. पलीकडच्या बाजूला उभे राहून वाकून पाना लावणारे हमखास उलटा आवळतात.

पाना खेचा, ढकलू नका. ढकलताना पाना सटकला तर बोटांची हाडं थेट सायलेन्सरवर. ४० सेंटीमीटरच्या दांड्यावर २५ किलोचा जोर दिला की साधारण १०० न्यूटन-मीटर होतात. कमी सीसीच्या गाड्यांना हे सहसा पुरतं. दांड्यावर एक मीटरचा पाइप चढवला की तोच जोर अडीचपट होतो. पाइप वापरायला हरकत नाही, पण तेव्हा गोटी नटावर पूर्ण बसलेली हवी आणि तुमचं वजन सावकाश पडायला हवं. पाइपवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत.

आधी नट किंचित *आवळायचा* प्रयत्न करा. विचित्र वाटेल, पण थोडंसं आवळल्याने गंजाची पकड मोडते. एकदा 'टक्' असा कोरडा आवाज आला की मग सोडवायला घ्या. नट फिरू लागला म्हणून एका दमात काढू नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे. पाना जड लागायला लागला की थांबून परत आत फिरवा.

३. नट हललाच नाही तर

दोन हातोड्या घ्या. एक नटाच्या एका सपाट बाजूला टेकवून धरा, दुसरीने बरोबर समोरच्या बाजूवर ठोका. मग नट साठ अंश सोडून पुढची बाजू. अशी दोन आवर्तनं झाली की पुन्हा तेल देऊन अर्धा तास सोडा. चहा घ्या.

कोपरे थोडे गोल झालेच असतील तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून एक माप लहान पाना हलक्या हाताने ठोकून बसवा. तेही जमलं नाही तर नट वाचवायचा हट्ट सोडा. नट स्वस्त आहे, एक्सल महाग. नट फोडायचं हत्यार मिळतं. नसेल तर हॅक्सॉने नटाच्या एका बाजूवर एक्सलला समांतर चीर पाडा, आटे दिसायच्या थोडं आधी थांबा, आणि चिरेत छिन्नी घालून एक ठोका द्या. नट उमलतो.

काही गाड्यांत चेनच्या बाजूला एकात एक असे दोन नट दिसतात. आतला मोठा नट स्पॉकेटची, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राची बाही धरून ठेवतो. नुसतं चाक काढायचं असेल तर त्याला हात लावायची गरज नाही. चेन आणि स्पॉकेट जागच्या जागी राहतात, चाक मोकळं होतं.

४. नट निघाला, एक्सल निघत नाही

नवखे बहुतेक इथेच अडतात. ठोकायला लागण्याआधी चार गोष्टी तपासा.

वजन. गाडी मेन स्टँडवर घेतली की चाक लोंबतं आणि त्याचं सगळं वजन एक्सलवर येतं. न गंजलेला एक्सलही अशाने अडकतो. चाकाखाली फळ्या सरकवत जा, चाक जेमतेम टेकेल इतकं. फळी थोडी कमी-जास्त करून एक्सल हलतोय का बघत राहा. अर्ध्याअधिक वेळा भानगड इथेच मिटते.

चेनचा ताण. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा कुठे आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मग अ‍ॅडजस्टर ढिले करा आणि चाक थोडं पुढे ढकला. अ‍ॅडजस्टरचे छोटे नटही गंजलेले असणार. त्यांना पहिल्या संध्याकाळीच तेल द्यायचं होतं.

ब्रेक रॉड आणि ब्रेक प्लेटला चिमट्याशी जोडणारी पट्टी सोडलीय ना?

आणि पुढचं चाक असेल तर शॉकच्या खालच्या टोकाला एक्सल आवळून धरणारा छोटा बोल्ट असू शकतो. तो सोडल्याशिवाय एक्सल घणानेही येणार नाही. त्या बोल्टजवळच्या चिरेत पेचकस घालून पाचर मारू नका, ओतीव अ‍ॅल्युमिनियम तडकतं.

एवढं करूनही अडकलं असेल तर एक्सलची मुंडी पान्याने *फिरवून* बघा. ओढण्यापेक्षा फिरवल्याने गंज लवकर सुटतो. मुंडीला सपाट कड असून ती अ‍ॅडजस्टरच्या खाचेत बसत असेल तर एक्सल फिरणार नाही, तेवढं बघून घ्या. एक्सल अजिबात फिरत नसेल, तर तो चिमट्याच्या भोकात किंवा ब्रेक प्लेटमध्ये गंजलाय. फिरतो पण बाहेर येत नाही, असं असेल तर तो बेअरिंगच्या आतल्या रिंगला किंवा मधल्या बुशला चिकटलाय आणि तेही त्याच्यासोबत फिरताहेत. पहिल्या प्रकारात तेल बाहेरूनच पोचतं, काम सोपं. दुसऱ्या प्रकारात तेल आतपर्यंत पोचवायला गाडी एका बाजूला कलती ठेवून, एक्सलच्या कडेने थेंब-थेंब सोडून, रात्रभर थांबावं लागतं.

आता ठोकणं. आट्याच्या टोकावर उघडी हातोडी कधीच मारू नका. टोक छत्रीसारखं पसरलं की एक्सल त्या भोकातून कधीच जाणार नाही. नट उलटा लावून एक्सलच्या टोकाच्या बरोबरीने आणा, वर लाकडी ठोकळा ठेवा आणि मग ठोका. दहा हलक्या ठोक्यांपेक्षा दोन ठाम ठोके बरे. पलीकडे कुणीतरी गाडी घट्ट धरायला हवं. प्रत्येक ठोक्याने ती स्टँडवरून ढकलली जाते. एक्सल पाच-सहा मिलिमीटर सरकला की परत उलट बाजूने ठोकून आत घाला, तेल द्या, पुन्हा बाहेर. नट चिमट्याला टेकला की तो काढून सळई लावा. सळई एक्सलपेक्षा बारीक हवी, नाहीतर तीही आत अडकते.

बेअरिंगमध्ये चिकटलेला एक्सल ठोकून काढला असेल तर बेअरिंग जुने वापरू नका. आडवा मार गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटेवर बसलेला असतो. बेअरिंगच्या कडेवर ६२०२, ६३०१ असा आकडा छापलेला असतो. तो दुकानात सांगितला की झालं.

इतकं करूनही न हलणारे एक्सल असतात. मग चिमटा आणि हबच्या मधल्या फटीतून हॅक्सॉच्या पानाने एक्सल दोन्हीकडे कापायचा, चाक बाहेर घ्यायचं आणि लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर उरलेला तुकडा दाबून काढायचा. ग्राइंडरने लवकर होतं, पण ठिणग्या उडतात आणि वर पेट्रोलची टाकी असते.

५. डिस्कचे बोल्ट

हे बहुधा एम-८ मापाचे असतात आणि त्यांच्या आट्यांना कारखान्यातच लॉकटाइटसारखं चिकट द्रव लावलेलं असतं. म्हणजे इथे गंजापेक्षा ती चिकटीच जास्त नडते, आणि तिच्यावर तेलाचा फारसा उपयोग नाही. निळं असेल तर हाताच्या हत्याराने सुटतं, लाल असेल तर तापवावं लागतं.

एम-८च्या उंच मुंडीच्या अ‍ॅलन बोल्टला ६ मिलिमीटरची चावी लागते, चपट्या घुमटाकार मुंडीला ५ची. भोकातली माती आधी सुईने किंवा पिनने पूर्ण कोरून काढा. माती राहिली तर चावी अर्धीच बसते आणि भोक गोल होतं. काही डिस्कना सहा पाकळ्यांचे टॉर्क्स बोल्ट असतात. त्यात अ‍ॅलन चावी कोंबली तर ती बसल्यासारखी वाटते, पण फिरवताना पाकळ्या खाते.

चावी लावून लगेच फिरवू नका. बिट बसवून त्यावर हातोडीचा एक नीट ठोका द्या, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. चाक सपाट लाकडावर आडवं ठेवा, पण डिस्कवर वजन पडू देऊ नका, ती वाकते. भोक गोल झालंच तर किंचित मोठा टॉर्क्स बिट ठोकून बसवा. बहुतेक वेळा निघतो. काढलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत.

६. उष्णता कुठे, आणि कुठे नाही

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये अडकलेला पोलादी बोल्ट काढताना *हब* तापवायचा. बोल्टभोवतीचं भोक मोठं होतं, शिवाय चिकट द्रव मऊ पडतं. हॉट एअर गन पुरते. लाल लॉकटाइटला मात्र २५० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि तेव्हा जवळचा रंग जाणार हे धरून चाला. हब गरम असताना बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकवण्याची जुनी युक्ती आहे. मेण वितळून आट्यात ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

एक्सल आणि बेअरिंग दोन्ही पोलादी. तिथे तापवून फुगण्याचा फायदा जवळपास नाही, उलट सील आणि ग्रीस जळतं. त्या जागी टॉर्च घेऊन जाऊ नका. टायर, ब्रेकचा पाइप, पेट्रोल आणि आधीच तेल प्यायलेली फडकी ह्यांच्यापासूनही लांब. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत तर अजिबात नाही. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

७. बोल्ट आत तुटला

बाहेर थोडा तुकडा असेल तर वाईस ग्रिप (लॉक होणारी पकड). सपाट तुटला असेल तर आत राहिलेल्या तुकड्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगची उष्णता आणि नवी पकड, दोन्ही एकदम मिळतं. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला सांगा. उलट्या आट्याचे एक्स्ट्रॅक्टर दुकानात मोह घालतात, पण ते कडक आणि ठिसूळ असतात. आत मोडले तर साध्या ड्रिलने पुढे जाता येत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर चाक घेऊन लेथवाल्याकडे जा.

८. तारांचं चाक असेल तर

स्पोकचे निपल (तार रिमशी आवळणारे छोटे नट) जाम असतील आणि निपल फिरवताना तारही पिळवटताना दिसली, तर लगेच थांबा. प्रत्येक निपलला रिमच्या आतून आणि तारेच्या बाजूने तेल द्या, दुसऱ्या दिवशी बरोबर मापाच्या निपल चावीने पाव-पाव फेरा करा. साध्या पान्याने किंवा पकडीने धरलेला निपल चुरगळतो.

९. परत बसवताना

एक्सल पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, सपाट काचेवर गडगडत सोडून वाकलाय का बघा. पूर्ण लांबीला ग्रीसचा पातळ थर द्या, ब्रेक प्लेटच्या आतल्या बाजूला मात्र ग्रीस जास्त नको, ते तापून ड्रममध्ये उतरतं. डिस्कच्या बोल्टना ग्रीस नाही, मॅन्युअलने सांगितलेलं लॉकटाइट. आट्यांना ग्रीस लावल्यावर तोच आकडा आवळला तरी बोल्टवर ताण जास्त बसतो, म्हणून मॅन्युअल कोरडे आटे म्हणत असेल तर कोरडेच ठेवा.

ब्रेक प्लेटची पट्टी आणि तिची पिन परत लावलीय हे दोनदा बघा. ती राहिली तर पहिल्या ब्रेकला प्लेट चाकासोबत फिरते, रॉड मोडतो आणि चाक तिथेच लॉक होऊ शकतं. चेनच्या खुणा फोटोशी जुळवा, स्प्लिट पिन नवीच घाला.

डिस्कवाली गाडी असेल तर गिअर टाकायच्या आधी ब्रेक लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा. चाक बाहेर असताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिला ब्रेक नुसताच खाली जातो. मग घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी, आणि साधारण १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा पान्याने तपासा. किनाऱ्यावर राहत असाल तर दर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, एक्सल बाहेर काढून नवं ग्रीस लावून परत घाला.